जादा तासांचा हिशेब

रविवार, २४ ऑगस्ट २०२५
हडपसर

दर रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत दोन तास बसतो. ज्याला आपली पगाराची स्लिप समजत नाही त्याने यावे, एवढाच नेम. टाइम ऑफिसमध्ये आयुष्य गेले, हजेरी आणि पगारपत्रक यांच्यापलीकडे मला फारसे काही येत नाही. पण जे येते ते आज बाहेर फार लागते आहे.

आज आलेला मुलगा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून सीएनसी मशीन चालवतो. स्लिप मोबाइलवर. मूळ वेतन व महागाई भत्ता १४,५६०, घरभाडे १,५६०, प्रवास १,०४०, इतर भत्ता १,०४०. एकूण १८,२००. खाली एक ओळ: ओटी ३० तास, १,८२० रुपये.

"काका, बरोबर आहे का एवढंच सांगा."

कागद पुढे ओढला आणि त्यालाच पेन दिले. आपला हिशेब आपल्या हाताने मांडला की पुन्हा कुणाला विचारावा लागत नाही. १८,२०० भागिले २६, म्हणजे दिवसाचे ७००. भागिले ८, तासाचे ८७ रुपये ५० पैसे. जादा तासाला दुप्पट, म्हणजे १७५. तीस तासांचे ५,२५०.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग दोघांनी मिळून १,८२० कसे आले ते शोधले. ठेकेदाराने भत्ते वगळून फक्त १४,५६० धरले, २६ ऐवजी ३० ने भागले आणि दुपटीऐवजी एकपट दिली. म्हणून तासाचे ६० रुपये ६७ पैसे. तीन ठिकाणी थोडे थोडे कापले आणि एका महिन्यात ३,४३० रुपये गेले. स्लिपवर 'ओटी' हा रकाना आहे, त्यात आकडा आहे, म्हणून सगळे व्यवस्थित चालले आहे असेच पोरांना वाटते.

मंगळवार, २६ ऑगस्ट

त्या तीन कात्र्यांबद्दल नीट लिहून ठेवतो, पुढच्या रविवारी वाटायला कामास येईल.

पहिली, भत्त्यांची. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ५९ सांगते की जादा कामाला सामान्य दराच्या दुप्पट वेतन द्यायचे, आणि सामान्य दर म्हणजे मूळ वेतन अधिक कामगाराला त्या वेळी मिळत असलेले भत्ते. वगळायचा तो बोनस आणि खुद्द ओव्हरटाइमचा पैसा. 'ओटी बेसिकवर असते' हे वाक्य कारखान्या-कारखान्यांतून इतक्या ठामपणे सांगितले जाते की जुने कामगारही ते कायदा म्हणून नव्या पोरांना सांगतात.

दुसरी, भागाकाराची. आठवडी सुट्ट्या वजा जाता महिन्यात कामाचे दिवस सव्वीसच. ग्रॅच्युइटीच्या खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने महिन्याच्या पगाराला २६ नेच भागणे बरोबर ठरवले आणि १९८७ साली ते ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही आले. रजेचा पगार कापताना २६ आणि ओटी देताना ३०, असे एकाच कारखान्यात चाललेले मी पाहिले आहे. हे अज्ञान नव्हे.

तिसरी, दुपटीची. ती सर्वांत मोठी, आणि तिच्यावर वेगळे लिहिले पाहिजे.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

तो मुलगा संध्याकाळी घरीच आला. बरोबर खिशातली छोटी डायरी. आत येण्या-जाण्याच्या वेळा रोज लिहिलेल्या, बॉलपेनने, कधी शाई गेली तर पेन्सिलने. आईने लावलेली सवय, म्हणाला. अशी डायरी हातात आली की मला फार बरे वाटते. पंचिंग मशीनचा डेटा मालकाकडे असतो, कामगाराकडे फक्त त्याची आठवण. आठवणीवर दावा उभा राहत नाही.

डायरीतला एक आठवडा मुद्दाम उतरवून घेतला. सोमवारी ११ तास, मंगळवार ते शुक्रवार रोज ८, शनिवारी रजा. एकूण ४३. ठेकेदाराच्या सुपरवायझरने सांगितले, ४८ भरले नाहीत, ओटी नाही. चूक आहे हे. कलमात 'दिवसाला नऊ तासांहून किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक' असे आहे. सोमवारचे दोन तास नऊच्या वरचे आहेत, ते दुप्पट दरानेच आले पाहिजेत. शनिवारच्या रजेने सोमवारचा घाम पुसला जात नाही.

उलट बाजूनेही तसेच. सकाळी आठ ते साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवण, असे सहा दिवस. रोज नऊच तास भरतात, म्हणून कुणालाच ओटी दिसत नाही. पण आठवड्याचे होतात ५४. सहा तास दर आठवड्याला फुकट जातात, वर्षानुवर्षे. एकच तास दोनदा मोजायचा नाही, हेही त्याला सांगितले. दिवसाच्या हिशेबात धरला तो आठवड्याच्या हिशेबात पुन्हा धरायचा नाही.

तिसऱ्या पाळीचा घोळ वेगळाच. मध्यरात्री तारीख बदलते आणि संगणक एकाच रात्रीचे दोन तुकडे करून दोन्ही दिवस नऊच्या आत बसवतो. कलम ५७ म्हणते, मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच मोजायचे. सेकंड शिफ्ट करून तसाच थर्डला थांबलेला माणूस, ज्याला पोरे 'डबल मारली' म्हणतात, त्याचे सगळे तास एकाच दिवसाचे आहेत.

गुरुवार, ४ सप्टेंबर

काल राज्य मंत्रिमंडळाने कारखाने कायद्यातल्या बदलाला मान्यता दिली. सकाळी पेपर आला आणि फोन सुरू झाले. दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास. जादा कामाची मर्यादा तिमाहीला ११५ वरून १४४ तास, त्यासाठी कामगाराची लेखी संमती. दुकाने व आस्थापनांतही, वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे, दिवसाचे ९ चे १० तास आणि तिमाहीची मर्यादा १२५ वरून १४४.

लोक एकच विचारत होते, "म्हणजे आता बारा तास काम सक्तीचं का?" नाही. आठवड्याचे ४८ तास आहेत तिथेच आहेत, त्यावरचे दुपटीचे. पण माझी काळजी वेगळी आहे.

१४४ तासांना तेरा आठवड्यांनी भागले तर आठवड्याला अकरा तास येतात. म्हणजे ५९ तासांचा आठवडा, दुप्पट पैसे देऊन. ज्या कारखान्यात खरोखर दुप्पट देतात तिथे मालक हे तास जपून वापरील, कारण ते महाग आहेत. जिथे बेसिकवर एकपट देतात तिथे जादा तास साध्या तासापेक्षा स्वस्त पडतो. सव्वीसच्या भागाकाराने त्या मुलाचा साधा तास ८७ रुपये ५० पैशांचा, आणि रात्री दहानंतरचा, डोळे चुरचुरत असतानाचा तास ६० रुपये ६७ पैशांचा! अशा ठिकाणी मालक नवा माणूस कशाला घेईल? दुप्पट दर हा कायद्याने गाडीला लावलेला ब्रेक आहे. ब्रेक काढून घेतलेल्या गाडीला वेगाची मर्यादा वाढवून दिली आहे, असे मला वाटते.

संमतीचेही तसेच. कामावर घेतानाच दहा कागदांवर सह्या घेतात, त्यात हा अकरावा. ठेक्यावरचा मुलगा 'नाही' म्हणाला तर सोमवारी त्याचा गेटपास चालत नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी काल झाली, पण मिरवणूक आजही चालूच होती. आमच्या सोसायटीचे वॉचमन काका काल सकाळी सातला आले ते आज सकाळी सुटले, कारण रात्रीचा माणूस लक्ष्मी रोडच्या गर्दीत अडकला. चहा दिला तेव्हा म्हणाले, "साहेब, आमची ड्यूटी बाराचीच असते, ओटी काय आम्हाला लागत नाही."

पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकांवर बारा तासांची ड्यूटी इतकी रुळली आहे की तिच्यात जादा काम आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सात, सहा दिवस, म्हणजे ७२ तास. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याखाली दिवसाचे ९ आणि आठवड्याचे ४८. उरलेले २४ तास दुपटीने, म्हणजे ४८ तासांचा पगार. एकंदर ९६ तासांचे वेतन, सरळ दोन आठवड्यांचे. बारा तासांची पाळी लावणाऱ्याने एका माणसाला दोन माणसांचा पगार दिला पाहिजे. मग आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या का परवडत नाहीत, हा प्रश्नच उरत नाही. आणि तिमाहीचे होतात ३१२ जादा तास, नव्या मर्यादेच्याही दुपटीच्या वर.

संध्याकाळी सोसायटीच्या कमिटीपुढे हा कागद ठेवला. काहीजण गप्प बसले, एकदोघे चिडले. एजन्सीला आपण ठरलेली रक्कम देतो, पुढचे तिने बघावे, असे म्हणणे पडले. पण तीच रक्कम दोन माणसांच्या किमान वेतनाला पुरत नाही, हे आपल्याला निविदा उघडतानाच दिसत असते. हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत मी लेखी मांडणार आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर

धायरीला एका ओळखीच्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. पंधरा माणसे, चार प्रेस, दोन लेथ. सरळ माणूस आहे. म्हणाला, "भाऊ, मोठी कंपनी नगावर पैसे देते. शुक्रवारी रात्री फोन येतो, सोमवारी माल पाहिजे. दुप्पट दिली तर त्या लॉटमध्ये मला काही उरत नाही." त्याचे खोटे नाही. जादा तास जन्माला येतो तो वर, मोठ्या कंपनीच्या नियोजनात, आणि त्याचा भार उतरत उतरत शेवटी प्रेसवरच्या माणसाच्या खांद्यावर येतो. तरीही त्याला सांगितले की कोटेशनमध्ये तातडीच्या मालाचा दर वेगळा लाव. कच्च्या लोखंडाचा भाव वाढला की तू तो मागतोसच ना.

त्याच्याकडे काहीजण नगावर काम करतात. त्यांना ओटी नसते असा सगळ्यांचाच समज. त्यांनाही असते. मागच्या महिन्यात त्याच कामावर प्रत्यक्ष भरलेल्या दिवसांची पूर्ण वेळेची कमाई घ्यायची आणि दिवसांनी भागायची. १५,६०० रुपये चोवीस दिवसांत मिळवले असतील तर दिवसाचे ६५०, तासाचे ८१ रुपये २५ पैसे, दुप्पट १६२ रुपये ५० पैसे. त्याने भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहून घेतले.

एक अप्रेंटिस मुलगाही रात्री थांबलेला दिसला. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीवाचून त्याला जादा वेळ थांबवताच येत नाही. माझ्यासमोरच त्याला घरी पाठवले, हे बरे झाले.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. कारखान्यांत यंत्रे धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातल्या. या दिवशी मशीन बंद ठेवतात, कामगार नवा शर्ट घालून येतो आणि ज्या चकने बोट सोलले त्यालाच हळदकुंकू वाहतो.

पाच वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने गुजरात मजदूर सभेच्या खटल्यात निकाल दिला होता. करोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला बारा आणि आठवड्याला ७२ तासांची मुभा दिली होती आणि जादा तासांना दुप्पट नव्हे, साधाच दर ठेवला होता. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ती रद्द केली. साथ ही काही देशाच्या सुरक्षेला धोका असलेली 'सार्वजनिक आणीबाणी' नव्हे, आणि टाळेबंदीचा सगळा भार कामगारावर टाकता येणार नाही, असे ठरले. त्या मधल्या महिन्यांतले जादा कामाचे पैसेही द्यायला लावले. हा निकाल प्रत्येक टाइम ऑफिसात लावून ठेवावा अशा योग्यतेचा आहे.

दुपटीची ही रेघ सहज आलेली नाही. पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरण्यांत कामगारांसाठी झटले तेव्हा रविवारची सुट्टीसुद्धा नव्हती. ती मिळाली १० जून १८९० रोजी. आठवडा १९३४ च्या कायद्यात ५४ तासांचा होता. तो ४८ वर आला १९४६ साली, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते त्या काळात. एकेक तास असा खाली आणलेला आहे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर, सगळे बोनसचेच विचारतात. थोडक्यात टिपून ठेवतो. ओव्हरटाइमचा पैसा बोनसच्या हिशेबात धरत नाहीत, पीएफही त्यावर कापत नाहीत. ईएसआय मात्र कापतात: ५,२५० वर पाऊण टक्क्याने साधारण ४० रुपये. ओटीमुळे महिन्याची रक्कम २१,००० च्या वर गेली म्हणून ईएसआय बंद होत नाही, कारण त्या मर्यादेसाठी ओटी मोजत नाहीत. एका बाईंना ईएसआय बंद झाले असे सांगून दवाखान्यातून परत पाठवले होते. त्यांना पत्र लिहून दिले.

हडपसरच्या त्या मुलाची बातमी. कारखान्याच्या पर्सोनेल खात्याला त्याने आणि सोबतच्यांनी मिळून अर्ज दिला. ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते मूळ मालकाने द्यायचे, हे ठेका कामगार कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे, तेवढे कलम अर्जात घातले होते. सप्टेंबरचा ओटी दुपटीने आला, सगळे भत्ते धरून. मागच्या महिन्यांचा अजून नाही. त्यासाठी वाकडेवाडीला कामगार खात्याच्या कचेरीत जाणार आहेत. डायरीच्या झेरॉक्स मी स्वतः काढून दिल्या.

शनिवार, २२ नोव्हेंबर

कालपासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. २०१९ ची वेतन संहिता पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली, आणि रात्री झोप लागली नाही.

दुप्पट दर कायम आहे. जादा कामाला कामगाराची संमती हवी, हेही आहे. पण 'वेतन' कशाला म्हणायचे ते बदलले. घरभाडे आणि प्रवास भत्ता आता वेतनात नाहीत. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तरच वरचा भाग वेतनात परत येतो. त्या मुलाची स्लिप पुन्हा मांडली. १८,२०० मधून घरभाडे १,५६० आणि प्रवास १,०४० वजा, राहिले १५,६००. दिवसाचे ६००, तासाचे ७५, दुप्पट १५०. जुन्या हिशेबाने १७५ होते. तीस तासांना ५,२५० ऐवजी ४,५००. महिन्याला साडेसातशे रुपये कमी, घामात काही फरक नाही.

ज्यांचे बेसिक मुद्दाम तुटपुंजे ठेवले होते आणि बाकी सारे भत्त्यांत विखुरले होते, त्यांना पीएफ आणि ग्रॅच्युइटीत फायदा होईल हे खरे आहे. तेही नोंदवले पाहिजे. पण ओव्हरटाइमच्या दरात घरभाडे असायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. माणूस रात्री अकरापर्यंत कारखान्यात थांबतो तेव्हा त्याच्या खोलीचे भाडे थांबलेले नसते. ज्या कारखान्यांत युनियन आहे तिथे करार करताना जुनाच आधार लिहून घ्यावा. संहितेत 'किमान दुप्पट' आहे, त्याहून जास्त द्यायला कुणी मनाई केलेली नाही.

रविवार, ७ डिसेंबर

आज खोलीत गर्दी होती, मागे उभे राहायलाही जागा नव्हती. वॉचमन काकाही आले, वही घेऊन. सोसायटीने बारा तासांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्यांसाठी नवी निविदा मागवायचे ठरवले आहे. विरोधात मते पडली, तरी ठरले.

सगळ्यांना फळ्यावर लिहून दिले तेच इथे लिहितो, कारण ही पाने मी छापायला देणार आहे. रोज आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा. स्लिप मागून घ्या, ती देणे मालकावर बंधनकारक आहे. ओटीचा आकडा दिसला की त्याला तासांनी भागा आणि आपल्या साध्या तासाच्या दुपटीएवढा येतो का बघा. कमी आला तर एकट्याने भांडू नका, चौघांनी मिळून लेखी द्या आणि पोच घ्या. वेतनाचा दावा करायला पूर्वी एक वर्ष मिळत असे, नव्या संहितेत तीन वर्षे आहेत. जुन्या स्लिपा फेकू नका.